आईच जेव्हा सिंहासन होते

मांडीवरच्या या बाळाचा चेहरा चांगला पोक्त आहे. लाडीगोडी नाही, खोडी नाही, नजर थेट समोर. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात १२व्या शतकाच्या अखेरीस घडवलेली मेरी आणि बाळ येशूची ही अक्रोडी लाकडाची मूर्ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उंची जेमतेम ८० सेंटिमीटर. आई ताठ बसलेली, मूल बरोबर मधोमध, आणि दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत.

कारागिराला लहान मूल जमलं नाही, असं पटकन वाटतं. पण मेरीच्या वस्त्राच्या चुण्या पाहा: बारीक, एकसारख्या, ओळीने खाली उतरणाऱ्या. इतका हात बसलेला माणूस चेहऱ्यातच कसा चुकेल? त्याला बाळ कोरायचंच नव्हतं. ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्त म्हणजे देहधारी झालेलं ईश्वरी ज्ञान, आणि ज्ञानाला बालवय कुठलं! म्हणून अशा मूर्तींत येशू बहुधा एका हाताने आशीर्वाद देतो, दुसऱ्या हातात ग्रंथ धरतो.

मग आई कोण? ती आसन आहे. बायबलमधल्या शलमोन राजाचं सिंहासन हस्तिदंताचं, सोन्याने मढवलेलं, सहा पायऱ्यांचं. मध्ययुगीन धर्मपंडितांना त्यात मेरीची पूर्वखूण दिसली. या मूर्तिप्रकाराला ‘ज्ञानाचं सिंहासन’च म्हणतात. म्हणजे एकाच मूर्तीत दोन सिंहासनं: लाकडी आसनावर मेरी, आणि मेरीवर येशू. शिवाय मेट्रोपॉलिटनमधल्या मूर्तीत मेरीच्या छातीशी आणि खांद्यामागे छोट्या पोकळ्या आहेत. त्यांत संतांचे पवित्र अवशेष ठेवत असावेत.

पुढे १३व्या शतकात हा ताठरपणा सैल झाला. पॅरिसच्या सेंत-शापेलसाठी घडवलेली हस्तिदंती मेरी, आता लूव्र संग्रहालयात असलेली, सुळ्याच्या बाकाबरोबर अलगद झुकते आणि बाळाकडे पाहून हसते. या मायलेकरांमधलं सफरचंद मात्र निरागस नव्हे. हव्वेने फळ खाऊन जे गमावलं ते मेरीमुळे परत मिळालं, असा त्याचा अर्थ. जर्मनीतल्या एसेनची सोन्याने मढवलेली मेरी तर सुमारे ९८० सालापासून हातात असंच सोनेरी फळ घेऊन बसली आहे.

सगळ्यात धाडसी कल्पना उघडणाऱ्या मूर्तींची. ऱ्हाइन खोऱ्यातली साधारण १३०० सालची एक मूर्ती मिटलेली असताना बाळाला पाजणारी साधी आई वाटते. समोरून दोन दारं उघडली की तिच्या पोटात देवपिता बसलेला! पॅरिसचे धर्मपंडित जाँ जेर्सों यांनी अशा मूर्तींवर आक्षेप घेतला: मेरीच्या उदरी फक्त पुत्र देहधारी झाला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं अख्खं त्रैक्य नव्हे. शास्त्राच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं. पण लाकडात याहून मोठी कल्पना क्वचितच कुणी बसवली असेल. मेरीची अशी जुनी मूर्ती कुठे पाहायला मिळाली तर समोरूनच बघून परतू नका. जमलं तर मागूनही पाहा, खांद्यामागे एखादी पोकळी असेल.