आभाळातला निरोप्या

उणकलच्या तळ्याकाठी उभे राहिले, तर पैलतीर तेवढा दिसतो. नृपतुंग बेट्टावर चढले, की सारी हुबळी पायांशी येते. दळणवळणाच्या एका नव्या खटाटोपाचे मर्म एवढ्याशा अनुभवात सामावले आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. सांगलीच्या आमच्या थोरल्या अक्काशी तीन दिवस बोलणे झाले नाही. मनोऱ्याची वीज गेली, की हातातला मोबाइल मुका होतो. कारण शेजारघरी जाणारा आवाजही आधी मनोऱ्याकडेच जातो.

यावर उपाय म्हणून बचावपथकांसाठी मनोऱ्यावाचून परस्परांशी जुळणारी यंत्रे निघाली आहेत. आग विझविताना घागर जशी हातोहात पुढे सरकते, तसा निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो. माणसे हलली, की वाटही आपोआप बदलते. परंतु मध्ये डोंगर किंवा विस्तीर्ण पूर आला, की साखळी तुटते आणि एका जाळ्याची दोन होतात. ती सांधावयास उंचावर कोणीतरी हवे. जमिनीवरील माणसाचे क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असते. २० किलोमीटर उंचीवरील विमानाचे सुमारे ५०० किलोमीटरवर. लहान यंत्राचा क्षीण संदेश इतक्या दुरून टिपता येत नाही, हे खरे. तरी ३६,००० किलोमीटरवरील भूस्थिर उपग्रहापेक्षा हे विमान किती जवळचे!

असा प्रयत्न आपल्या कर्नाटकातच चालू आहे. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने फेब्रुवारी २०२४ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे सौरशक्तीवर चालणारे वैमानिकरहित विमान उडविले. सुमारे १२ मीटर पंखविस्ताराचे हे छोटे विमान साडेआठ तास आकाशात राहिले. दिवसा उन्हावर विद्युत्घट भरून रात्री त्यांवर उडावयाचे, अशा रीतीने मोठे विमान २० किलोमीटर उंचीवर सलग ९० दिवस ठेवण्याचा संकल्प आहे.

मात्र शास्त्राबरोबर हिशेबही येतो. २०१७ मध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिको बेटावरील मोबाइलसेवा कोलमडली, तेव्हा ‘लून’ या उपक्रमाने उंचावरील फुग्यांतून ती काही अंशी पुरविली. खर्चाचा मेळ न बसल्याने २०२१ मध्ये तो उपक्रमच बंद पडला. महापूर रोज येत नाही; म्हणून नफ्याच्या वहीत अशा सेवेला जागा मिळत नाही. अग्निशामक बंब तरी आपण नफ्यासाठी कोठे ठेवतो?

चौथ्या दिवशी अक्काचा आवाज आला, ‘‘आम्ही वरच्या मजल्यावर सुखरूप आहोत.’’ एवढ्या पाच शब्दांसाठी आमच्या घरात तीन रात्री दिवा जळत होता.