शाळेची घंटा नसलेले घर

सकाळी सातच्या सुमारास सोसायटीच्या फाटकाशी शाळेची बस येऊन उभी राहते. पाण्याच्या बाटल्या, दप्तरे आणि बुटांच्या नाड्या यांची धांदल काही मिनिटांत ओसरते आणि सारी इमारत शांत होते. अशा इमारतीत क्वचित एखादे घर असेही असते, की जिथली मुले त्या बसमध्ये चढत नाहीत. ती आजारी नसतात की त्यांची फी थकलेली नसते. त्यांना शाळेत न घालण्याचा निर्णय आईवडिलांनी विचारपूर्वक घेतलेला असतो. एवढेच नव्हे, तर शाळेचा अभ्यासक्रमही त्यांनी घरी आणलेला नसतो. मूल स्वतःच्या जिज्ञासेने जगता जगता शिकेल, या श्रद्धेवर उभ्या असलेल्या या पद्धतीला ‘अनस्कूलिंग’ म्हणतात.

हा शब्द रूढ केला तो जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने. पाचवीच्या वर्गात शिकवताना त्यांनी मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. अनेक मुले गणित सोडवीतच नाहीत. शिक्षकांचा चेहरा वाचून उत्तराचा अदमास घेतात, असे त्यांच्या ध्यानी आले. चुकण्याची भीती बुद्धीला झाकोळून टाकते, हा त्यांचा निष्कर्ष १९६४ साली ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ या पुस्तकातून पुढे आला. शाळा आतून बदलतील ही आशा मावळल्यावर १९७७ साली त्यांनी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. शाळेविना शिकणाऱ्या कुटुंबांना त्यातून एकमेकांचे अनुभव कळू लागले.

अशा घरातला दिवस पाहू गेल्यास प्रथमदर्शनी तिथे काहीच घडत नाही, असे वाटते. ना वेळापत्रक, ना गृहपाठ, ना प्रगतिपुस्तक. परंतु सहा जणांसाठी शिरा करायचा असताना नऊ पाहुणे येणार असे कळते आणि रवा, साखर, तूप दीडपट करताना अपूर्णांक आपसूक हाताखालून जातात. वाण्याची यादी हे लेखन ठरते, तर विजेचे बिल हे वाचन. आजोबांबरोबर बँकेत जाऊन मुदत ठेवीची पावती हाती घेणारे मूल व्याज म्हणजे काय, ते पुस्तकाआधी व्यवहारातून जाणते.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरातले हे एक उदाहरण पाहावे. पंचांगातली सूर्यास्ताची वेळ रोज पाहून वहीत टिपून ठेवण्याचा छंद एखाद्या मुलाला लागला, तर वर्षभरात त्याच्या हाती एक छोटी वेधशाळाच येते. मुंबईत जुलैच्या आरंभी सात वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो, हे त्याला दिसते. मग प्रश्न येतो : सर्वांत लहान दिवस तर २२ डिसेंबरच्या सुमारास असतो, मग सूर्य त्याआधी तीन-चार आठवडेच सर्वांत लवकर कसा मावळतो? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक आईवडिलांनाही ठाऊक नसते. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांपर्यंत पोहोचायचे, तर थोरामोठ्यांनाही मुलाशेजारी बसून पुस्तके चाळावी लागतात. ‘मला माहीत नाही, चल शोधू या,’ हे वाक्य या घरातल्या पालकांना शिकून घ्यावे लागते.

हे चित्र मनोहर असले, तरी ते रोजचे नसते. काही दिवस कंटाळ्याचे जातात. नऊ वर्षांचा नातू अजून सलग वाचत नाही, हे पाहून आजीचा जीव खालीवर होतो. शेजारच्या मुलाने पाढे धडाधड म्हटले की आईचाही धीर सुटतो. एका पालकाला बहुधा अर्थार्जन सोडावे किंवा कमी करावे लागते. म्हणून हा मार्ग सर्व घरांना परवडणारा नाही. समवयस्कांचा सहवास शाळेत आयता मिळतो. इथे तो मुद्दाम जोडावा लागतो.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानले आहे. पालकांनी ते न केल्यास कोणती शिक्षा, हे मात्र त्यात सांगितलेले नाही. घरच्या शिक्षणाचा स्वतंत्र उल्लेखही नाही. पुढे प्रमाणपत्राची गरज भासते, तेव्हा पुष्कळ कुटुंबे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळतात. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिच्यामार्फत दहावीच्या पातळीची परीक्षा देता येते.

तथापि खरी कसोटी प्रमाणपत्राची नसते, हे महात्मा गांधींच्या घरातील एका प्रसंगावरून उमजते. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी आपल्या मुलांना प्रचलित शाळांपासून दूर ठेवले. जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन सुमारे ५ मैलांची चाल होई. तेवढ्या वाटेत ते मुलांना गप्पांमधून शिकवीत. मात्र कोणी दुसरे भेटायला आले, की तो पाठ राहून जाई. रोज नियमाने एक तास जरी आपण अक्षरशिक्षणाला देऊ शकलो असतो, तर मुलांचे शिक्षण आदर्श झाले असते, अशी खंत त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदवली आहे. थोरले चिरंजीव हरिलाल यांना तर शाळेची आस होती. शिक्षण घेता यावे म्हणून १९११ साली ते वडिलांना सोडून हिंदुस्थानात परतले आणि आपल्या मनातील दुःख त्यांनी पुढे जाहीरपणेही मांडले.

पित्याचा हेतू निर्मळ होता, तत्त्व उदात्त होते. तरीही मुलाच्या मनात सल राहिला. निर्णय आईवडिलांचा असतो आणि आयुष्य मुलाचे असते, हे शाळेविना शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानी ठेवावे. मुलाच्या इच्छेवर विश्वास ठेवायचा, तर ती आपल्याला रुचेल तेवढीच मान्य करून चालत नाही. एखाद्या सकाळी खिडकीतून खाली पाहत ‘मलाही त्या बसमधून जायचे आहे,’ असे मूल म्हणाले, तर तीही जिज्ञासाच असते. शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलासाठी वयानुरूप इयत्तेचे दार उघडे ठेवले आहे. घराचे दारही तितकेच उघडे असावे. दुसऱ्या दिवशी आनंदाने डबा भरून देणारी आई आपल्या तत्त्वापासून ढळत नाही. मुलावर टाकलेला विश्वासच ती पाळत असते.