कायदा तोच, गावं वेगळी : पाचोडचे आकडे काय सांगतात

८०.७ आणि ६१.८. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाचोड परिसराचे हे दोन आकडे आहेत. पैठण तालुक्यातल्या या भागात काही गावांत मुलींसाठी एक उपक्रम चालला. १९९७ मध्ये त्या गावांत झालेल्या लग्नांपैकी ८०.७ टक्के लग्नांत नवरी अठरा वर्षांच्या आतली होती. २००१ मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर आलं. मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ झालं. या चार वर्षांत विवाहाच्या वयाचा कायदा जराही बदलला नव्हता. मुलीचं वय किमान १८ हवं, हे १९७८ पासून कायद्यात लिहिलेलंच होतं.

मग बदललं काय? कायद्यानं माणसाचं वागणं बदलतं का, या प्रश्नावर एक बाजू म्हणते, शिक्षा कडक करा. दुसरी म्हणते, कायद्यानं काही होत नाही, समाजानंच बदलायला हवं. बालविवाहाचे आकडे क्रमानं मांडले, तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

कायदा आला, लग्नं वाढली

१९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ वर्षांची मर्यादा घातली. अंमल १ एप्रिल १९३० पासून होणार होता. मधल्या सहा महिन्यांत देशात अनेक ठिकाणी घाईघाईनं लग्नं उरकली गेली. १९२१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुली सुमारे ८५ लाख होत्या. १९३१ मध्ये त्या १ कोटी २० लाखांच्या वर गेल्या. कायद्यानं वागणं बदललं खरं, पण आधी उलट्या दिशेनं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्यानं तो इथे लागूच नव्हता.

आज लागू असलेला बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. तो १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे.

घट किती, गुन्हे किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांना लग्नाचं वय विचारतं. अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण असं :

भारत : २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के, २०१५-१६ मध्ये २६.८, २०१९-२१ मध्ये २३.३.
महाराष्ट्र : याच तीन फेऱ्यांत ३९.४, २६.३ आणि २१.९ टक्के.

पहिल्या दहा वर्षांत देशातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आता याच्या शेजारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे ठेवू. या कायद्याखाली देशभरात २०१३ मध्ये २२२, २०१४ मध्ये २८० आणि २०१५ मध्ये २९३ गुन्हे नोंदले गेले. एवढ्या मोठ्या देशात वर्षाला तीनशेही गुन्हे नाहीत. एवढ्याशा धाकानं प्रमाण निम्म्यावर येत नाही. मुली अधिक वर्षं शाळेत राहू लागल्या, हे या घटीमागचं मोठं कारण आहे.

२०२२ मध्ये गुन्ह्यांची नोंद १,००२ वर गेली. युनिसेफच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी किमान १५ लाख मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. म्हणजे साधारण दीड हजार लग्नांमागे एक गुन्हा. शिक्षा दोन वर्षांची असो की दहा, पकडले जाण्याची शक्यता इतकी कमी असेल तर घरातला निर्णय त्या भीतीनं होत नाही. शिवाय या गुन्ह्यात तक्रार करणार कोण? आई-बाप, सासर, मांडववाला, आचारी, भटजी किंवा काझी, पाहुणे, सगळे एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला एकटी मुलगी असते.

राज्याचा आकडा मराठवाडा झाकतो

महाराष्ट्राच्या २१.९ टक्क्यांत शहरी भाग १५.७ वर आहे आणि ग्रामीण २७.६ वर. जिल्ह्यांत उतरलं तर दरी आणखी रुंदावते. परभणी ४८ टक्के, बीड ४३.७ टक्के. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातही तिघींत एकीहून अधिक मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यातलं हे सर्वेक्षण २०१९ चं, म्हणजे कोरोनाच्या आधीचं.

एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली एवढा फरक का पडतो? ऊसतोडीचं गणित पाहा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती याच हिशेबानं. दिवाळीच्या सुमारास आई-बाप फडावर निघतात आणि वयात आलेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न उरतो. हुंडा मुलीच्या वयाबरोबर वाढतो. सातवीनंतर किंवा दहावीनंतर पुढची शाळा दुसऱ्या गावात असते. या सगळ्यापुढे अठराची अट कागदावरच राहते.

पाचोडला काय झालं?

इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड या संस्थेनं अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा वर्ग चालवला. आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी एक तास. एकूण २२५ तास. शिकवणाऱ्या बायका गावातल्याच, किमान सातवी शिकलेल्या. विषय आरोग्याचे, आहाराचे, ग्रामपंचायतीच्या कारभाराचे आणि घरात आपलं म्हणणं मांडण्याचे. आई-बापांनाही त्यात सामील करून घेतलं होतं. पुढे झालेल्या मूल्यमापनात दिसलं, की हा वर्ग पूर्ण केलेल्या मुलींच्या तुलनेत वर्ग नसलेल्या गावांतल्या मुलींचं लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता चौपट होती.

दोन्हीकडे कायदा तोच होता. पण जिथे वर्ग भरत होता, तिथे ‘अजून अठरा पूर्ण नाहीत’ हे वाक्य घरात उच्चारणारं कुणीतरी होतं आणि त्या वाक्यामागे कायद्याचं बळ होतं. कायद्याचं खरं काम मला इथे दिसतं. नाही म्हणू पाहणाऱ्या माणसाच्या हातात तो आधार देतो. मात्र तो माणूस कायदा स्वतः घडवत नाही.

आजच्या कायद्याची हीच उणीव आहे. खेड्यात ग्रामसेवकालाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलं आहे. ज्या गावकऱ्यांसोबत रोजचं काम, त्यांच्याच मांडवात जाऊन लग्न थांबवायचं, ही अपेक्षा एकट्या माणसाकडून करणं अन्यायाचं आहे. झालेला बालविवाह आपोआप रद्दही होत नाही. तो रद्द करायचा तर सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण होण्याआधी त्या मुलीनंच न्यायालयात जायचं, असं कायदा सांगतो. सासरी नांदणाऱ्या मुलीला हे कितपत शक्य आहे?

पैसा कुठे लावायचा?

काही गोष्टी आधीच हाताशी आहेत. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रमाचं आयुक्तालय छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे आणि त्याच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी शाळेच्या बस आणि सायकली दिल्या जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा निर्णय २०२१ मध्ये झाला. त्यातली निम्मी मुलींची. बालविवाहाविरुद्धची खरी अंमलबजावणी म्हणजे ही बस वेळेवर येणं आणि हे वसतिगृह ऊसतोडीच्या हंगामाआधी उघडणं.

जिल्हा परिषदेनं दरवर्षी तालुकावार एक आकडा जाहीर करावा : मार्चमध्ये सातवीत आणि दहावीत असलेल्या मुलींपैकी जूनमध्ये पुढच्या वर्गात किती आल्या? ज्या आल्या नाहीत, त्यांच्या घरी लग्न ठरण्याआधी शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका पोचल्या, तर २००६ चा कायदा मांडवात जाऊन लग्न मोडण्याच्या वेळेपर्यंत थांबणार नाही. पाचोडनं चार वर्षांत जवळपास १९ अंकांची घट करून दाखवली, तीही तालुक्याच्या ठिकाणापासून दूर, सातवी शिकलेल्या बायकांच्या बळावर. तेच काम सगळ्या जिल्ह्यात करायला नव्या कलमाची गरज नाही.