जोडी चुकलेलं नाणं आणि लाखांची जाहिरात



‘जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या येतात. भिवंडी तालुक्यातल्या बचत गटांमध्येही हा विषय निघतो. म्हणून दुर्मिळ नाणं कशाला म्हणतात आणि फसवणूक कुठे होते, ते आज पाहू.

टांकसाळीत धातूची गोल चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबतात. एका ठशाने छापा उमटतो, दुसऱ्याने काटा. हे ठसे जोडीचे असावे लागतात. क्वचित एका नाण्याचा छापा आणि दुसऱ्या नाण्याचा काटा यंत्रावर एकत्र बसतो. एका साडीला दुसऱ्याच साडीचा पदर विणला जावा, तसंच हे. इंग्रजीत अशा नाण्याला ‘म्यूल’, म्हणजे खेचर म्हणतात; आई एका जातीची, बाप दुसऱ्या.

ब्रिटनमध्ये 2008 साली असंच घडलं. 20 पेन्सच्या नाण्याचं रूप बदललं आणि सालाची जागा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेली. पण काही नाण्यांवर नव्या काट्याबरोबर जुना छापा पडला, आणि साल कुठेच उमटलं नाही! संग्राहक अशी नाणी शोधतात, कारण ती थोडीच असतात.

मात्र वेगळं दिसणारं प्रत्येक नाणं चुकीचं नसतं. सालाखाली हिऱ्यासारखी खूण असली तर नाणं मुंबईचं, तारा असला तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. शिवराईवरची अक्षरं अर्धवट दिसतात, कारण ती हाताने ठोकून पाडत आणि चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे. वैष्णोदेवीचं चित्र असलेली 5 आणि 10 रुपयांची नाणी तर सरकारनेच काढलेली आहेत. चलनातल्या अशा नाण्याला कोणी लाख रुपये देत नाही.

काही लबाड दोन नाणी घासून एकमेकांना चिकटवतात. कडेला किंवा आतल्या काठाशी सांधा दिसतो का पाहा. सोनाराकडे वजन करून तशाच नाण्याशी ताडून पाहा. आणि जुनं नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासल्याने त्याची किंमत उतरते.

आता सर्वात महत्त्वाचं. खरा गिऱ्हाईक नाणं पाहतो आणि पैसे देतो. ठग आधी पैसे मागतो. कधी नोंदणीचे, कधी कराचे, कधी कमिशनचे. पुष्कळदा तो रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हही वापरतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे, की ती अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. कोणी मागितलं तर ओटीपी देऊ नका, पैसे पाठवू नका. पैसे गेलेच तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर ती गुपचूप विकू नका. 1878 च्या कायद्यानुसार अशा गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

घरातली जुनी नाणी जरूर जपा, मुलांना दाखवा. पण त्यांच्या नादाने गटाची बचत कोणाच्या हाती देऊ नका. पुढच्या बैठकीत ही माहिती सगळ्यांना सांगा, मोबाईल नसलेल्या आजींनाही.