तुळशीची तहान

झाडाला पाणी घालणें हें काम जितकें सोपें वाटतें तितकें तें नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेमध्यें वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला आणि त्यांत शिंपण्याचे कालही सांगून ठेवले : उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत भूमि सुकेल तेव्हांच. पहिले दोन नियम पंचांग पाहून पाळतां येतील. तिसऱ्यासाठीं मात्र मातीचीच विचारपूस करावी लागते. ही विचारपूस करणारें सेन्सर नांवाचें चिमुकलें यंत्र आतां आपल्याकडील शहरांच्या सज्ज्यांतूनही दिसूं लागलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं श्रावणांत तुळस पिवळी पडली. सासूबाई स्नान झाल्यावर तांब्याभर पाणी घालीत. सूनबाई कचेरींतून परतल्यावर, दिवसभरांत कोणी पाहिलें नसेल अशा समजुतीनें, आणखी तांब्याभर. वरून पाऊस होताच. पानें मान टाकूं लागलीं तेव्हां दुसरीनेंच हयगय केली असें दोघींनाही वाटलें व दोघींनींही पाणी वाढविलें. बोलाचाली झाली ती निराळीच. मौज अशी कीं, तहानलेलें झाड आणि बुडालेलें झाड पुष्कळदां सारखेंच दिसतें. मुळांनाही श्वासाकरितां प्राणवायु लागतो. मातींतील छिद्रें पाण्यानें भरलीं म्हणजे तो मिळत नाहीं, मुळें कुजतात, आणि पाण्यांत उभें असूनही झाड पाण्यावांचून मरतें.

अखेर मुलानें सेन्सर आणून कुंडींत खोंचला. मोबाइलवर ओलाव्याचा आंकडा उमटला तो ८० च्या वर. वाद तेथेंच मिटला, कारण आंकड्याला ना सासर ना माहेर. सासूबाईंची एकच अडचण राहिली : तुळशीला पाणी घालणें ही पूजा, ती यंत्राला विचारून कशी करावी? तोडही त्यांनींच काढली. पावसाळ्यांत त्या आतां पळीभरच पाणी वाहतात. तुळस वांचली, निम्मी छाटावी मात्र लागली.

या यंत्राची युक्ति अशी. विद्युद्भार सांठविण्यास मदत करण्याचा पदार्थाचा एक गुण आहे. हवेचा तो १ धरला तर कोरड्या मातीचा सुमारें ३ ते ५ आणि पाण्याचा सुमारें ८० भरतो. एवढी तफावत असल्यामुळें मातींत किंचित् पाणी वाढलें तरी यंत्राला कळतें. कांहीं स्वस्त यंत्रें दोन उघड्या धातूच्या काड्यांमधून प्रवाह सोडतात. त्या काड्या लवकर झिजतात, म्हणून तीं घेऊं नयेत.

आंकड्यावर अंधविश्वासही नको. कोकोपीट भुसभुशीत राहून काडीभोंवतीं पोकळी पडली तर ओलावा कमी दिसतो. खताचे क्षार सांचले तर अधिक. यास्तव पाणी निथळल्यावरचा एक आंकडा आणि कुंडी उचलून हलकी लागेल त्या दिवशींचा दुसरा, असे दोन वहींत टिपावे व त्यांच्या अनुरोधानें चालावें. खरें सांगावयाचें तर बोटाचीं दोन पेरें मातींत घातलीं असतां पुष्कळ कळतें, आणि बोटाला बॅटरी लागत नाहीं.

उजेडाची गोष्ट निराळी. दुपारचें थेट ऊन सुमारें १ लाख लक्स असतें, तर दिवाणखान्याचा कोपरा कित्येकदां कांहींशें लक्सांतच असतो. आपले डोळे कमी उजेडाशीं आपोआप जुळवून घेत असल्यामुळें हा शेंकडोंपटींचा फरक आपणांस जाणवत नाहीं, आणि तुळस तेथें कां खुरटते याचें नवल वाटतें. आमच्या मतें उजेडही मोजणारा सेन्सर घ्यावा तो याचसाठीं.

बहुतेक लहान सेन्सर ब्लूटूथनें बोलतात व त्यांचा आवाज घराबाहेर फारसा पोंचत नाहीं. त्यामुळें गांवीं जातांना शेजारीं किल्ली ठेवण्याची पद्धत अद्याप मोडलेली नाहीं. शेजारीणबाईंना "रोज पाणी घाला" असें न सांगतां "आधीं बोट घालून पाहा, मग घाला" एवढें मात्र बजावून जावें.