चूल, चारा आणि शाळा

मराठवाड्यातील लासूर स्टेशनजवळून वाहणारी शिवना नदी कन्नडच्या डोंगरांतून येते. त्याच डोंगररांगेत 1986 साली गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले. जंगल राखीव झाले, तरी कोरडवाहू गावातल्या गरिबाची चूल सरपणावरच पेटते आणि शेळ्यांना डोंगराचाच आधार असतो. त्याला नुसते ‘कुऱ्हाड टाक’ म्हणणे अन्यायाचे आहे. 2016 च्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी घरात आणली. पुढचे सिलिंडर मात्र मजुरीतूनच भरावे लागते.

शाळेचेही तसेच: शाळा गावात आहे, पण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलांचे निम्मे शैक्षणिक वर्ष फडात जाते आणि पाणलोट, चराई यांवर ग्रामसभा निर्णय घेते तेव्हा त्यांचे आईवडील गावात नसतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चारा आणि शाळा यांची ही गाठ सोडवली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने आधी शाळा सुधारली, मग डोंगर हाती घेतला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे नियम गावाने स्वतः घातले. मोकाट चराई थांबली, पण गवत कापून नेण्याची मुभा राहिली. यश इथेच आहे. चारा वाढला, दूध वाढले. 1995 मध्ये दारिद्र्यरेषेखाली 168 कुटुंबे होती, पुढे तीन उरली.

मराठवाड्यातील ग्रामसभांनी चराईबंदीचा ठराव करताना गरिबांच्या चाऱ्याची सोय त्याच ठरावात लिहावी.