आमचे सीमोल्लंघन

दसऱ्याच्या मुहूर्तावर कुणी सोने घेते, कुणी फ्रीज, कुणी मोटार. गेल्या दसऱ्याला आम्ही शिडाची होडी घेतली! गिरगावातल्या आमच्या चाळीत पेढे वाटताना शेजारच्या काकूंनी भाबडेपणाने विचारले, “अहो, पण ठेवणार कुठे? गच्चीवर?”

होडी जुनीच. सोळा फुटांची, लाकडी, रुंद पोटाची. दादरला राहणाऱ्या मेहुण्याशी निम्मी भागी केली, तेव्हा माझ्या वाट्याला जुन्या मोटारसायकलीइतकी रक्कम आली. मूळ खटपट आमच्या कन्येची. दोन उन्हाळे कुलाब्याच्या एका क्लबात ती शीड हाकायला शिकली होती, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी तिने पेढ्याऐवजी होडी मागितली. सौ.ने आधी हिशेब विचारला, मग मुलांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटे विचारली, आणि मग “बरं” म्हणाली.

आई मात्र काहीच बोलली नाही. ती आत जाऊन वाती वळत बसली.

त्या मौनाचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ लाटांत कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. लालबाग-परळच्या आणि गिरगावच्या कितीतरी बिऱ्हाडांत त्या दिवशी चूल पेटली नाही. आईचे थोरले मामा लालबागच्या गिरणीत होते; सणाला गावी निघाले होते. ते गेले. आईचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला, पण तिच्या आईने घातलेला दंडक तिने जन्मभर पाळला : आपल्या घरातल्याने पाण्यावर पाय ठेवायचा नाही. त्यामुळे समुद्र दहा मिनिटांवर असून मी शाळेच्या सहलीबरोबर घारापुरीला गेलो नाही. त्यात १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळून माणसे गेली, तेव्हा दूरदर्शनसमोर बसलेली आई एवढेच म्हणाली, “बघ.”

तिला दोष कसा द्यावा? पण मनात येई, की आपण एकंदरीतच समुद्राकडे पाठ करून राहिलेली माणसे. अभिमान आम्हाला शिवरायांच्या आरमाराचा आणि कान्होजी आंग्ऱ्यांचा. खांदेरी किल्ला २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा आम्ही चाळीत जिलबी वाटली. पण आमचे स्वतःचे पाय चौपाटीवर भेळेच्या गाडीपुढे जात नाहीत. शिडाच्या होड्यांचा षौक साहेबाने इथे आणला, अपोलो बंदरावरचा यॉट क्लब १८४६ सालचा. पुढे १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती याच मुंबईच्या पाण्यावर झाल्या आणि तारापोर-करंजिया या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. आम्ही ते वर्तमानपत्रात वाचणारे.

आणि माझी तर आणखी एक गंमत. वीस वर्षे मी वर्गात ‘जीवननौका’, ‘संसाराचे सुकाणू’, ‘पैलतीर’ असले शब्द उलगडून सांगतो आहे. प्रत्यक्षात सुकाणू डावीकडे लोटले की होडी उजवीकडे वळते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या मुलीकडून कळले!

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमची पहिली सफर झाली. आपल्याकडे पावसाळाभर या होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवतात. ऑक्टोबरात पाऊस गेला, समुद्र निवळला, की हंगाम सुरू होतो. ट्रॉलीवरून होडी पाण्यात लोटली आणि चिरंजीवांनी “गणपतीबाप्पा मोरया” केले. पुढची पाऊण तास फक्त एकच आरोळी ऐकू येत होती, “बाबा, डोकं!” शिडाच्या तळाची आडवी काठी होडी वळताना या कुशीवरून त्या कुशीवर येते, आणि मधे प्राध्यापक असला तरी थांबत नाही. दोन टेंगळे घेऊन मी एक धडा शिकलो. वारा ज्या बाजूने येतो तिकडे होडी सरळ जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असे नागमोडी जावे लागते. सौ. म्हणाली, “म्हणजे सासूबाईंशी बोलण्यासारखंच!”

दुसरी सफर नरक चतुर्दशीची. पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडणे, आणि फराळाचा डबा घेऊन साडेसातला आम्ही पाण्यावर. भरतीची वेळ मी रुबाबात काढून ठेवली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे शाळेतले गणित. चौदाची पाऊणपट साडेदहा. तोवर पाणी बंदरात चढणार. म्हणजे काळजी नको. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून छान वाहत होता. त्याच्या जोरावर, चढत्या पाण्याला तोंड देत, आम्ही दक्षिणेकडे पुष्कळ पुढे गेलो. मागे गेटवेची कमान काडेपेटीएवढी झाली. आम्ही चकल्या खाल्ल्या, करंज्या खाल्ल्या. कन्या दोनदा म्हणाली, “बाबा, परतूया.” मी म्हणालो, “ही करंजी संपू दे.”

करंजी संपली आणि वाराही संपला. आपल्या बंदरात हे रोजचेच : सकाळचा जमिनीचा वारा अकराच्या सुमारास पडतो आणि दुपारचा खारा वारा सुरू व्हायला वेळ लागतो. मधला काळ शीड नुसते लोंबते. इकडे भरतीची वेळ टळून गेली होती आणि अमावास्येच्या तोंडचे उधाणाचे पाणी आता जोराने बाहेर निघाले होते. त्याबरोबर आम्हीही! प्राँग्जचे दीपगृह, १८७५ सालचे, उजव्या हाताला मोठे मोठे होत चालले. एक माणूसभर उंचीची लाट आणणारे मालवाहू जहाज दूरून गेले. आम्ही वल्ही मारली, पण होडी पुढे एक हात आणि मागे दोन हात. सौ.ने चिरंजीवांच्या जॅकेटचे पट्टे न बोलता पुन्हा आवळले. त्या क्षणी मला आईच्या वाती आठवल्या.

मी पिशवीतून मोबाइल काढून क्लबाला फोन लावणार, तोच मासळी घेऊन परतणारी कोळ्यांची एक होडी आमच्याकडे वळली. म्हाताऱ्या तांडेलाने दोर फेकला. वाटेत मी त्यांना माझे पाऊणपटीचे गणित सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “भरतीचं गणित बरोबर हाय मास्तर. पण परत कवा फिरायचं, ते पंचांगात नसतं.” पैसे काढले तर त्यांनी हात जोडले, चिरंजीवांनी पुढे केलेला लाडू मात्र घेतला.

आता घरी सांगायचे की नाही? टॅक्सीत आमचे मतदान झाले : तीन विरुद्ध एक, सांगायचे नाही. पण जी एक होती ती कन्या. तिने दारातच सगळे सांगून टाकले.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “जॅकेटं घातली होती?” “हो.” “फोन होता?” “होता.” आणि मग पंचेचाळीस वर्षांत न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हते. बुडाल्याची बातमी कळवणारेच कोणी नव्हते. तिची आजी सबंध दिवस रेवसच्या धक्क्यावर बसून होती, बोट उशिरा येईल म्हणून. “मामा गेले ते गेले,” आई म्हणाली, “पण आजीला आयुष्यभर ती वाट बघणंच खुपलं. आणि माणसं वाचवली कुणी? रेवसच्या कोळ्यांनीच.”

आम्ही होडी विकण्याची भाषा सुरू केली. तिने ती तोडली. “विकू नका. पण मला घरात बसवून जाऊ नका. वाट बघायचीच तर समोर बघेन.”

तेव्हापासून रविवारी आई अपोलो बंदराच्या कठड्याशी छत्री आणि डबा घेऊन बसू लागली. आम्हीही शहाणे झालो : वारा पडायच्या आत, पाणी उतरायच्या आत परत. तिसऱ्या रविवारी तिने तक्रार केली, “सगळी शिडं पांढरीच. तुमचं कुठलं ते कळत नाही.” पुढच्या खेपेला तिने आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा लाल काठ, हातभर लांबीचा, कन्येच्या हातात दिला. तो आम्ही डोलकाठीच्या टोकाला बांधला. कन्या म्हणते, वाऱ्याची दिशा दाखवायला याहून चांगले काही नाही. आई म्हणते, तिला दिशेचे काय. तिला तो लांबून ओळखू येतो, एवढे पुरे.

यंदाच्या पावसाळ्यात होडीला नवे रोगण झाले. परवा फराळाची यादी करताना आईने सहज विचारले, “घारापुरी लाँचने किती वेळ लागतो? आणि तुमच्या होडीने?”

मी वेळ सांगितला नाही. एक जॅकेट मात्र जास्तीचे मागवले आहे. माप तिनेच दिले.